उलट्या हाताचं कुलूप

अधीक्षक बाईंनी टेबलावर दोन कुलुपं ठेवली आणि विचारलं, "यातलं तुमचं कोणतं?"

नाना गालातल्या गालात हसले. पन्नास वर्षं दाराची कुलुपं घडवणाऱ्या माणसाला विचारायचा प्रश्न आहे का हा? त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. एक कुलूप उचललं, तळहातावर तोललं, चावी घालून फिरवली. कुलूप 'टक' म्हणालं.

"ऐकलंत?" नाना म्हणाले. "हा टक आमचा. दुसऱ्या कुणाचं कुलूप असा टक जन्मात करणार नाही."

बाईंनी कुलूप उलटं केलं. पाठीवर चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर समोरच्या दुकानाचा शिक्का होता.

कोपऱ्यात बसून चावी घासणाऱ्या सूनबाईची कानस थांबली. समोरचं दुकान तिच्या वडिलांचं होतं.

समोरचे आणि नाना एकाच उस्तादाच्या हाताखाली, एकाच बाकावर बसून शिकले. उस्ताद गेल्यावर दोघांनी एकमेकांसमोर दुकानं थाटली, आणि 'तू माझी नक्कल करतोस' असं दोघांनी एकाच दिवशी, बहुधा एकाच वेळी, एकमेकांना सांगितलं. तेव्हापासून अबोला. पुढे पोरांनी परस्पर लग्न ठरवलं आणि दोघं व्याही झाले, पण अबोला काही मोडला नाही. व्याहीभेटीत नाना सुनेला म्हणाले, "त्यांना सांग, नमस्कार म्हणावं." समोरचे लेकीला म्हणाले, "त्यांना सांग, पोचला." बिचारीने दोन्ही नमस्कार इकडून तिकडे नेले. ते काम तिच्याकडे आजही आहे.

"वसतिगृहाच्या एकशेवीस खोल्या आहेत," बाई म्हणाल्या. "एकाच दुकानातून कुलुपं घ्यायची, आणि अर्जात एक रकाना असतो, निवडीचे कारण. तुमचा भाव सारखा, वजन सारखं, आता तर कळलं की टकही सारखा. मी लिहू काय? मागे बादल्या घेतल्या तेव्हा 'दुकान सावलीच्या बाजूला आहे' असं लिहिलं होतं. कागद परत आला."

"मग आता?"

"आठ दिवसांनी येते. दोघांपैकी ज्याच्या कुलुपात मला फरक दिसेल, त्याचं घेईन."

बाई गेल्या. नाना स्टुलावर बसले ते उठेचनात. कारण हे काम म्हणजे त्यांची शेवटची संधी होती. हल्ली लोक तयार कुलुपं आणत, आणि नानांच्या दुकानात दिवसाकाठी दोन माणसं आली तर त्यातलं एक पत्ता विचारायला आलेलं असे. मुलाने मागच्याच आठवड्यात स्वच्छ सांगितलं होतं, "बाबा, महिनाअखेरपर्यंत मोठं काम मिळालं तर चालवा दुकान. नाही मिळालं तर केस कापणाऱ्याला भाड्याने देऊ आणि तुम्ही घरी आराम करा." नानांनी शब्द दिला होता. घरी आराम करण्याचा त्यांना दोन दिवसांचा अनुभव होता. पहिल्या दिवशी त्यांनी घरातली सगळी कपाटं दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशी बायकोने त्यांना दुकानात पाठवून दिलं.

अशा वेळी भाचा आला. भाचा एका टूथपेस्टच्या कंपनीत होता. तिथे पांढऱ्या पेस्टमधून एक हिरवी रेघ काढण्याची कल्पना त्याची, आणि त्या एका रेघेवर त्याला बढती, खुर्ची आणि मोठं टेबल मिळालं होतं.

"मामा, माल तोच ठेवायचा," भाचा म्हणाला. "एकच गोष्ट बदलायची. पण ती अशी, की गिऱ्हाईक अंधारातसुद्धा म्हणालं पाहिजे, हे यांचंच."

"त्या हिरव्या रेघेने दात जास्त घासले जातात का रे?"

"नाही. पण रेघ आमची आहे."

आधी रंग झाला. भाच्याने दहा कुलुपं लालभडक रंगवली आणि त्याच संध्याकाळी विकायला काढली. लोखंडावरचा रंग वाळायला वेळ लागतो हे त्याच्या ध्यानात आलं नाही, कारण टूथपेस्ट वाळवावी लागत नाही. दुसऱ्या दिवशी रस्त्यावरच्या दहा माणसांचे तळहात लाल होते आणि ती एकमेकांकडे संशयाने बघत होती. मग सुगंध झाला. कुलपात अत्तराचे थेंब सोडले, तर रस्त्यावरची झाडून सगळी मांजरं नानांच्या दुकानासमोर येऊन बसली आणि कुलुपांकडे प्रेमाने बघू लागली. माणूस मात्र एक आला नाही. मांजरांना ओलांडून येणार कसा?

"मामा," तिसऱ्या दिवशी भाचा म्हणाला, "चावी उजवीकडे फिरवली की कुलूप लागतं, बरोबर?"

"हो."

"सगळीच कुलुपं?"

"आपल्याकडची तरी सगळी."

"का?"

उस्तादांनी हे कधी सांगितलं नव्हतं आणि त्यांना कुणी विचारलंही नव्हतं.

"मग आपलं डावीकडे लागणार," भाचा म्हणाला. "डावीकडे बंद, उजवीकडे उघडं. जगात एकटं. बाईंचा रकाना भरला."

सूनबाई एवढंच म्हणाली, "पण लोकांच्या हाताला सांगणार कोण?" ती सून पडली, शिवाय समोरच्यांची लेक. तिचं बोलणं दोघांनीही ऐकलं नाही.

नानांनी रात्रंदिवस खपून कुलपाचं पोट उलटं केलं. टक मात्र तस्साच ठेवला. नानांच्या कुलपाची चावी कुणीकडेही फिरवा, टक होणारच, हा त्यांचा अभिमान होता. अशी सात कुलुपं त्यांनी रस्त्यावरच्या सात दुकानांना फुकट बसवून दिली, म्हणजे बाई आल्या की लोकांनाच विचारतील. आठवं स्वतःच्या दाराला बसवलं.

पहिला बळी शिंपी. दुपारी जेवायला जाताना त्याने वीस वर्षांच्या सवयीने चावी उजवीकडे फिरवली. टक झालं. तो समाधानाने घरी जाऊन जेवला, झोपला. परत आला तर दुकान सताड उघडं. आतून काही गेलं नव्हतं; उलट चार गिऱ्हाइकं येऊन आपापले शिवलेले कपडे शोधून घालून बघून गेली होती आणि 'बाह्या आखूड झाल्या' अशा तीन चिठ्ठ्या ठेवून गेली होती. शिंप्याच्या मते चोरी परवडली असती.

दातांच्या डॉक्टरांचं उलटं झालं. त्यांनी बाहेर जाताना भाच्याची सूचना आठवून कुलूप नीट डावीकडे लावलं. परत येऊन उघडताना मात्र हात आपल्या सवयीने डावीकडेच गेला. टक झालं, दार हलेना. डॉक्टर टकटक करत राहिले. बाहेर पाच रोगी गाल धरून उभे, आत मदतनीस बाई औजारं उकळत बसलेल्या. शेवटी डॉक्टरांनी खिडकीच्या गजांतून पक्कड मागून घेतली आणि एका घाईच्या रोग्याचा दात फुटपाथवर काढला. येणाऱ्याजाणाऱ्यांनी नंतर सांगितलं की इतक्या चांगल्या उजेडात काढलेला दात त्यांनी पाहिला नव्हता.

दोनतीन दिवसांत लोक शिकले. पण हात असा दुकानापुरता शिकत नाही. दुकानाचं कुलूप डावीकडे लावणारा माणूस घरी जाऊन घराचंही डावीकडे लावू लागला, आणि घराचं तर उजवं होतं. मग घरं उघडी राहू लागली. शिंप्याने नळ बंद करायला म्हणून सोडला आणि खालच्या मजल्यावरच्यांशी भांडण ओढवून घेतलं. लोणच्याच्या बरणीचं झाकण त्याने इतकं घट्ट केलं की बरणी बायकोच्या माहेरी न्यावी लागली. तिथे तिचा भाऊ व्यायाम करतो. दाराशी उभा राहिलेला माणूस डोळे मिटून ओठ हलवताना दिसला तर तो देवाचं नाव घेत नव्हता, 'दुकान डावं, घर उजवं' घोकत होता.

समोरचे हे सगळं आपल्या दारातून बघत होते. सातव्या दिवशी त्यांनी एक पाटी रंगवून टांगली: 'आमचं कुलूप उजवीकडेच लागतं.' बस, एवढंच. संध्याकाळी त्यांच्या दुकानात रांग होती.

"बघ, बघ," नाना भाच्याला म्हणाले. "त्याने काहीच केलं नाही आणि त्याचंच वेगळं झालं."

भाच्याने डोकं खाजवलं. "मामा, हे आमच्या कंपनीत पण झालं होतं. रेघ काढल्यावर दुसऱ्या कंपनीने 'रेघ नसलेली' म्हणून विकायला काढली."

आठव्या दिवशी बाई आल्या. नानांनी त्यांना आणि भाच्याला आत घेतलं आणि दार लोटलं. "आता मी आतून लावतो. तुम्ही ओढून बघा."

चार दिवस नानांनी हात डावीकडे वळवला होता. आताही डावीकडे फिरवला. टक झालं. बाईंनी ओढलं, दार उघडलं. नानांच्या तोंडचं पाणी पळालं. दार बाहेरून डावीकडे लागत असेल तर आतून ते उजवीकडे लागणार, हे त्यांना माहीत होतं. पण ते डोक्याला माहीत होतं, हाताला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी घाम पुसून चावी उजवीकडे फिरवली. टक. बाईंनी ओढलं, दार ढिम्म.

"छान," बाई म्हणाल्या. "आता उघडा."

आता उघडायचं म्हणजे लावायच्या उलट. लावलं होतं उजवीकडे. पण ते आतून. आणि कुलूप मुळात डावं. नानांनी क्षणभर छताकडे पाहिलं आणि सगळा जोर लावून चावी फिरवली, ती नेमकी पुन्हा उजवीकडे. चावीचं डोकं हातात आलं, बाकीची चावी भोकात राहिली.

भाच्याच्या खिशात दुसरी चावी होती, पण आतलं भोक आता बुजलं होतं. चावी बाहेरूनच लावायला हवी होती, आणि खिडकीला नानांनी स्वतः बसवलेले गज होते. सूनबाई नेमकी बाजारात गेलेली. बाईंनी गजांतून हाक मारली. रस्ता ओलांडून समोरचे आले.

समोरचे खिडकीशी थांबले. आत बघितलं, बाहेर बघितलं. "पोरगी नाही का दुकानात?" ते बाईंना म्हणाले. "मग मी बोलू कुणाकरवी?"

"माझ्याकरवी बोला," बाई म्हणाल्या. त्या वसतिगृह चालवत होत्या, त्यांना अशा गोष्टींची सवय होती.

"त्यांना विचारा, चावी कुणीकडे फिरवू?"

"त्यांना सांगा, डावीकडे," नाना म्हणाले.

"विचारा, माझ्या डावीकडे की त्यांच्या?"

"सांगा, माझ्या."

"बाई, मी रस्त्यावर उभा आहे. त्यांच्या डावीकडे इथून कसं फिरवू?"

"मग म्हणावं, तुमच्या उजवीकडे फिरवा."

"उजवीकडे फिरवलं की कुलूप लागतं. पन्नास वर्षं लावतोय."

"हे उघडतं."

"उघडतं काय? उस्ताद असते तर कान धरला असता तुमचा."

"तुमचा धरायचे ते. माझा कधी धरला नाही."

"नाही कसा? ती पितळेची चावी वाकवलीत तेव्हा?"

"ती तुम्ही वाकवली होती. मी माझ्या अंगावर घेतली."

बाई मधून बाजूला झाल्या होत्या, हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

"मला वाटलं, तुम्हाला कळलंच नाही," समोरचे म्हणाले.

"न कळायला काय झालं. तुमचा हात बघितला की कळायचं."

"बरं, उघडतो." त्यांनी भाच्याने गजांतून दिलेली चावी घातली. टक. पण हात आपल्या मताने डावीकडे गेला होता. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा टक. "व्याही, हात ऐकत नाही हो."

"माझाही नाही ऐकला," नाना आतून म्हणाले.

तासाभराने सूनबाई पिशव्या घेऊन आली. "दोघं जरा बाजूला व्हा," असं म्हणून तिने चावी एकदाच उजवीकडे फिरवली आणि दार उघडलं.

बाईंनी तिथेच पिशवीतून अर्ज काढला. निवडीचे कारण या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'नेहमीसारखे', आणि काम समोरच्यांना दिलं. नानांनी मुलाला निरोप धाडला की केस कापणाऱ्याला जागा मोजायला बोलाव.

केस कापणारा येऊन माप घेऊन गेला. आरसा कुठे, खुर्च्या कुठे, सगळं त्याने खडूने भिंतीवर आखलं. नानांच्या बाकाच्या जागी हात धुवायचं भांडं येणार होतं. नाना त्या खडूच्या चौकोनात बसून हत्यारं पुसत होते, तेवढ्यात समोरचे दारात आले. या वेळी थेट.

"व्याही, माझे डोळे अधू झालेत," ते म्हणाले. "घरी सांगितलेलं नाही. एकशेवीस मला महिनाअखेर व्हायची नाहीत. निम्मी तुम्ही करा. शिक्का माझा मारू. कुणाला कळणार आहे?"

"कुणाला नाही कळणार," नाना म्हणाले. "मलाच कळलं नव्हतं."

शेवटचं काम म्हणून नानांनी साठ कुलुपं अशी घडवली की उस्तादांनी पाठ थोपटली असती. फक्त एक गफलत झाली. पहिली बारा करताना हात अजून त्या उलट्या आठवड्यातच होता. हे नानांना कळलं तोवर माल वसतिगृहात बसवून झाला होता आणि बारा कुठल्या खोल्यांना गेली, ते देवाला ठाऊक. समोरच्यांच्या शिक्क्याखाली आपली चूक गेली, या विचाराने नानांना अन्न गोड लागेना. त्यांनी समोरच्यांना सांगून टाकलं. समोरचे म्हणाले, "गप्प बसा. आली तक्रार तर बघू."

महिन्याच्या शेवटच्या दिवशी केस कापणाऱ्याच्या खुर्च्या दारात उतरत होत्या, आणि बाई आल्या. त्या समोरच्यांच्या दुकानात शिरल्या, तसे नानाही रस्ता ओलांडून धावले. बाईंचा चेहरा कडक होता. पण तो रोजच तसा असे, त्यावरून काही ठरवता येत नव्हतं.

"बारा कुलुपं उलटी आहेत," बाई म्हणाल्या. "कुणी केली?"

नानांनी तोंड उघडलं. पण समोरचे मध्ये आले. "मी केली. शिक्का माझा आहे. हात चुकला. बदलून देतो."

"बदलायची नाहीत." बाईंनी खुर्ची ओढून घेतली. "आमच्या मुली केसांच्या पिनेने कुणाचंही कुलूप उघडतात. साबण जातात, तेल जातं, परीक्षेच्या आदल्या दिवशी वह्या जातात. मी कुलुपं बदलली तरी पिना त्याच. पण या बारा खोल्यांतून कुलुपं बसवल्यापासून सुईसुद्धा गेली नाही. मुली सवयीने पीन डावीकडे फिरवतात, टक होतं, दार उघडत नाही, दमून निघून जातात. आत राहणाऱ्या चोवीसजणींनी भेद ओळखला आणि एकीनेही तोंड उघडलं नाही. मुलींच्या वसतिगृहात असं कधी झालेलं मी ऐकलं नाही."

"नवी इमारत होते आहे, ऐंशी खोल्यांची," बाई म्हणाल्या. "निम्मी कुलुपं साधी, निम्मी अशी. कुठलं कुठे बसवायचं ते मी ठरवीन, आणि हे या दुकानाबाहेर जाता कामा नये. तेव्हा तुमचा हात अजून चाळीस वेळा असाच चुकू द्या. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं ते माझं मी बघते."

कागदावर सही करून बाई गेल्या. समोरच्यांनी तो कागद डोळ्यांजवळ धरून दोनदा वाचला. मग शांतपणे घडी घातली, आपल्या दुकानाचं दार ओढून घेतलं आणि नानांच्या मागोमाग रस्ता ओलांडला.

नानांनी केस कापणाऱ्याला हाताने थांबवलं. "खुर्च्या परत गाडीत चढवा. माझ्या मुलाला सांगा, मोठं काम मिळालंय."

"कुणाला मिळालंय?" केस कापणाऱ्याने विचारलं.

"ते आमचं आम्ही बघू."

समोरच्यांनी चपला काढल्या, बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले आणि चष्मा पुसला. "हं. आता ते पोट उलटं कसं करतात, ते दाखवा."

"बसा," नाना म्हणाले. "पण आजवर जेवढं शिकलात, तेवढं सगळं आधी विसरावं लागेल."

"त्याला वेळ लागेल."

"लागू द्या. चाळीस कुलुपं आहेत."